एक डोकं, दोन हेल्मेटं

थंडी सुरू झाली की पुण्या-मुंबईच्या सायकलवाल्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो. कुणीतरी गुलमर्गच्या किंवा औलीच्या स्कीइंग कोर्सला नाव घातलेलं असतं, बॅगेत जागा नसते आणि घरात सायकलचं बऱ्यापैकी महागाचं हेल्मेट असतंच. तेच नेलं तर चालेल ना? कुणी म्हणतं, डोकं तेच आहे, मग हेल्मेट वेगळं कशाला? कुणी म्हणतं, बर्फाचं हेल्मेट निराळंच असतं, आणि घ्यायचंच तर अमक्याच परदेशी कंपनीचं घे. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण हातातलं हेल्मेट कोणत्या आपटण्यासाठी तपासलेलं आहे, हे दोघंही पाहत नाहीत. निवडीचा सगळा प्रश्न तिथेच आहे. रंग, भोकं, किंमत आणि जाहिरातीतला खेळाडू हे त्यानंतर.

आधी थोडं गणित करू. सायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असतं. तिथून ते खाली आलं तर रस्त्याला लागताना त्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर असतो. सिग्नलला उभ्या सायकलवरून कोलमडलात तरी एवढा वेग मिळतोच. ‘मी हळूच चालवतो’ या सबबीला त्यामुळे फारसा अर्थ राहत नाही. डांबर दबत नाही. कातडी आणि कवटी मिळून फार तर दोन-तीन मिलिमीटर दबतील. एवढ्याशा अंतरात तो वेग शून्यावर यायचा तर डोक्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पाचशे पट धक्का बसतो, आणि तोही सरासरीचा आकडा. मधे दोन सेंटिमीटर दबणारा थर आला की हाच आकडा पंच्याहत्तरच्या घरात येतो. डोक्याला थांबायला हे दोन सेंटिमीटर मिळवून देणं, एवढंच हेल्मेटचं मुख्य काम.

हा थर बहुतेक हेल्मेटांत थर्माकोलचाच असतो. फ्रिजच्या खोक्यात येतो तोच पदार्थ, फक्त जास्त घनतेचा. तो चिरडला की परत फुगत नाही. धक्क्याची ऊर्जा त्या चिरडण्यात खर्च होते. म्हणून थर्माकोलचं हेल्मेट एका मोठ्या आपटण्यापुरतंच असतं. वरचं प्लास्टिकचं कवच थर्माकोलचे तुकडे एकत्र धरून ठेवतं आणि डोकं रस्त्यावर अडकण्याऐवजी घसरू देतं. अपघातानंतर दुभंगलेलं हेल्मेट दाखवून ‘यानंच वाचवलं’ असं सांगितलं जातं. वाचवलंही असेल. पण तपासणारे लोक फुटण्यापेक्षा दबण्याकडे पाहतात, कारण नुसत्या तड्यात फार ऊर्जा जिरत नाही.

हेल्मेटच्या विज्ञानाची सुरुवात सायकलपासून झाली नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगाला माहीत असलेले टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये मोटरसायकलवरून पडले. समोर आलेल्या दोन मुलांना, म्हणजे दोन सायकलस्वारांनाच, चुकवताना हा अपघात झाला. सहा दिवसांनी ते गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदुशल्यविशारद होते. ते मरण त्यांच्या मनातून गेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात निरोप पोचवणाऱ्या लष्करी मोटरसायकलस्वारांच्या मृत्यूंचा त्यांनी अभ्यास केला, आणि १९४१मध्ये ब्रिटिश सैन्यानं त्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. त्यांच्याबरोबर ऑक्सफर्डला काम करणारे होल्बर्न नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी जिलेटिनचा मेंदू करून १९४३मध्ये दाखवलं की मेंदूला खरा धोका सरळ धक्क्यापेक्षा गरकन फिरण्याचा आहे: कवटी फिरते, आतला मऊ मेंदू मागे राहतो आणि त्याचे तंतू ताणले जातात. हे कळलेलं असूनही हेल्मेट बनवणाऱ्यांनी पुढची पन्नास-साठ वर्षं फक्त सरळ धक्काच मोजला. का, तर तो मोजायला सोपा होता.

सायकलच्या शर्यतीत तेव्हा चामड्याच्या गादीदार पट्ट्यांची जाळी डोक्याला बांधत. तिनं खरचटणं वाचायचं, बाकी फारसं काही नाही. कडक कवच आणि आत थर्माकोल अशा रचनेचं, खास सायकलसाठीचं पहिलं गाजलेलं हेल्मेट म्हणजे अमेरिकेतल्या बेल कंपनीचं १९७५चं ‘बेल बायकर’. व्यावसायिक शर्यतपटूंना मात्र डोक्यावर काही नको होतं. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं १९९१मध्ये सक्ती करून पाहिली, तर पॅरिस–नीस शर्यतीत खेळाडूंनी सरळ संप केला. १९९५च्या टूर द फ्रान्समध्ये बार्सिलोना ऑलिंपिकचा विजेता फाबियो कासार्तेल्ली घाटउतारावर पडून गेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तरी नियम झाला नाही. मार्च २००३मध्ये त्याच पॅरिस–नीसमध्ये कझाकस्तानचा आंद्रे किविलेव गेला, तोही हेल्मेटविना, आणि मे महिन्यापासून सक्ती आली. सुरुवातीला शेवटच्या चढावर हेल्मेट काढून टाकायची मुभा होती. पुढे तीही गेली. आज हेल्मेटविना शर्यतपटू दिसला तर विचित्र वाटतं.

आता दुकानात या. हेल्मेट उलटं करा आणि आतलं लेबल वाचा. सायकलसाठी युरोपचं मानक ईएन १०७८. सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट या तिन्हींसाठी ते आहे. अमेरिकेचं सीपीएससी हे सरकारी मानक मार्च १९९९पासून लागू आहे. ईएनच्या चाचणीत हेल्मेट घातलेलं धातूचं डोकं सेकंदाला ५.४२ मीटर वेगानं, म्हणजे साधारण दीड मीटरवरून, सपाट ऐरणीवर आपटतात आणि धक्का २५० जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या अडीचशे पटीच्या, आत राहावा लागतो. रस्त्याच्या कडेच्या धारदार दगडासारख्या ऐरणीवरही आपटतात, पण कमी वेगानं. अमेरिकी चाचणीत पडण्याची उंची २ मीटर, पण धक्क्याची मर्यादा ३०० जी. कोणतं कडक, यावर सायकलवाले तासन्तास वाद घालू शकतात. माझ्या मते त्या वादात ग्राहकाच्या कामाचं काही नाही. दोन्हींपैकी एक लेबल असलं की पुरे. महत्त्वाची गोष्ट ही की दोन्ही मानकं किमान पातळी सांगतात. २५० जी हा कवटी फुटणं आणि जिवावरची इजा टाळण्याच्या हिशेबातला आकडा आहे. मेंदूला मुका मार, ज्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात, तो शंभर जीच्या आसपासही बसू शकतो. ‘प्रमाणित’ या शब्दाचा अर्थ ‘काही होणार नाही’ असा नाही.

शिवाय या जुन्या मानकांत सरळ आपटणंच आहे. प्रत्यक्षात सायकलस्वार पुढे जात असतानाच खाली येतो. डोकं तिरकं लागतं आणि फिरतं. होल्बर्नचं म्हणणं पुन्हा मनावर घेतलं स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेतल्या लोकांनी. मेंदुशल्यविशारद हान्स फोन होल्स्ट आणि अभियंते पीटर हाल्डिन यांनी नव्वदच्या दशकात सुरू केलेल्या कामातून ‘मिप्स’ आलं. हेल्मेटच्या आत बहुधा पिवळ्या रंगाचं पातळ प्लास्टिकचं अस्तर दिसतं ते हेच. आपटताना हेल्मेट डोक्याभोवती दहा-पंधरा मिलिमीटर सरकतं आणि फिरण्याचा काही भाग त्यात जिरतो. आज ते स्कीच्या हेल्मेटांतही सर्रास असतं. टीका करणारे म्हणतात की केस आणि डोक्याची कातडी मुळातच सरकते, मग वेगळं अस्तर कशाला? टीका अगदीच खोटी नाही, पण स्वतंत्र चाचण्यांत असं सरकतं अस्तर असलेली हेल्मेटं सरासरीनं बरी ठरली आहेत. सरासरीनं, हे मात्र विसरू नये. मिप्स असलेली काही हेल्मेटं मागे पडतात आणि ते नसलेली काही पुढे जातात.

हे ठरवायला आता एक चांगली सोय आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाची प्रयोगशाळा २०१८पासून सायकलची हेल्मेटं स्वतः विकत घेऊन तपासते. ४५ अंशांच्या तिरक्या ऐरणीवर, सहा ठिकाणी, दोन वेगांनी ती आपटतात. त्यांत धारेजवळच्या जागाही असतात, कारण अपघातात डोकं बऱ्याचदा तिथेच लागतं आणि जुनी मानकं तिथे तपासतच नव्हती. मग एक ते पाच तारे देतात. ही यादी कुणालाही फुकट पाहता येते. ती वाचून पहिली गोष्ट लक्षात येते की किंमत आणि तारे यांचं नातं फार सैल आहे. महाग हेल्मेट म्हणजे हलकं, हवेशीर, वाऱ्याला कमी अडणारं आणि देखणं. या गोष्टी दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर चालवणाऱ्याला मोलाच्या आहेत. पण जास्तीचे दहा हजार रुपये मोजले म्हणून डोकं जास्त वाचतं असं नाही. आपल्याकडे हजार-दोन हजारांत प्रमाणित हेल्मेट मिळतं. त्यावर आणखी पैसे घालायचे तर आधी मापावर, मग सरकत्या अस्तरावर, आणि उरले तर वजनावर घालावेत. पंचवीस ग्रॅम कमी करायला तीन हजार देणाऱ्यानं आधी स्वतःचं पोट पाहावं, असं मला नेहमी वाटतं.

स्वीडनमध्येच एक निराळा प्रयोग झाला होता. हॉवडिंग नावाचा, गळ्यात घालायचा पट्टा. पडताना त्यातली हवेची पिशवी क्षणात फुगून डोक्याभोवती टोपरं तयार होई. २०११मध्ये तो बाजारात आला. थांबायला जास्त अंतर मिळत असल्यामुळे प्रयोगशाळेत त्याचे आकडे फार चांगले यायचे. पण पिशवी वेळेवर फुगेलच का, यावरून शंका उठल्या, सरकारी यंत्रणेनं विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२३मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. थर्माकोलला बटण आणि बॅटरी लागत नाही, हा त्याचा गुण अशा वेळी कळतो.

हेल्मेटनं खरंच फरक पडतो का, हाही वाद आहे आणि तो मूर्खपणाचा नाही. १९८९मध्ये सिएटलच्या डॉक्टरांनी एक अभ्यास छापला: हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका ८५ टक्क्यांनी कमी होतो. हा आकडा जगभर फिरला. पुढच्या अभ्यासांत तो तेवढा टिकला नाही आणि २०१३मध्ये अमेरिकी सरकारी खात्यांनीही तो सांगणं बंद केलं. त्यानंतर ऑलिव्हिए आणि क्रेटन या संशोधकांनी चाळीस अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा: डोक्याच्या कोणत्याही इजेची शक्यता सुमारे ५१ टक्क्यांनी कमी, गंभीर इजेची ६९ टक्क्यांनी, चेहऱ्याच्या इजेची ३३ टक्क्यांनी. ८५पेक्षा हे कमी आहे, पण हजार रुपयांच्या वस्तूकडून याहून जास्त मागणं हावरटपणाचं ठरेल.

विरोधकांचा दुसरा मुद्दा वागण्याबद्दल आहे. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांनी सायकलला अंतर मोजणारा सेन्सर लावला आणि हेल्मेटसह व हेल्मेटविना ते स्वतः रस्त्यावर फिरले. हेल्मेट असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून गेल्या, असं त्यांनी २००७मध्ये लिहिलं. लांब केसांचा टोप घातल्यावर मात्र चालक जास्त जागा सोडत होते. प्रयोगादरम्यान त्यांना एकदा बसनं आणि एकदा ट्रकनं धडक दिली, आणि दोन्ही वेळा त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. पुढे इतरांनी हीच आकडेवारी पुन्हा तपासून निष्कर्षाला आव्हान दिलं. मला या प्रयोगातून एवढंच घ्यावंसं वाटतं की गाडीवाल्यानं किती जागा सोडावी हे हेल्मेट ठरवू शकत नाही. ते रस्ता, वेग आणि पोलीस ठरवतात. नेदरलँड्समध्ये रोजच्या कामाला सायकलनं जाणारे जवळजवळ कुणीच हेल्मेट घालत नाहीत, कारण त्यांना वेगळे मार्ग आहेत. तिथलेच शर्यतवाले मात्र घालतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं १ जुलै १९९० रोजी जगात पहिल्यांदा सायकलला हेल्मेट सक्तीचं केलं. त्यानंतर डोक्याच्या इजा कमी झाल्या, पण सायकल चालवणारी मुलंही कमी झाली. त्यातलं किती श्रेय कशाचं, हा वाद तिथे अजून मिटलेला नाही.

सक्तीचा विषय पुणेकरांना नवा सांगायला नको. जानेवारी २०१९मध्ये शहरात दुचाकीवरच्या हेल्मेटची कारवाई सुरू झाली तेव्हा पगड्या घालून मोर्चे निघाले होते. तो कायदा मोटार वाहनांचा, १९८८च्या अधिनियमाच्या कलम १२९चा. सायकल त्यात येत नाही. अडीचशे वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली विजेची सायकलही त्यातून सुटते. घरपोच माल पोचवणारी शेकडो मुलं या सुटीवर आज शहरभर धावतात, बहुतेक उघड्या डोक्यानं. मला सक्ती नको वाटते, पण ज्या कंपन्या या मुलांच्या वेळेचं मिनिट-मिनिट मोजतात त्यांनी हेल्मेट द्यायला काय हरकत आहे? लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राइडमध्ये मात्र हेल्मेटविना सुरुवातच करू देत नाहीत, आणि तिथे कुणी कुरकुरतही नाही.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. स्कूटरचं आयएसआय हेल्मेट, म्हणजे आयएस ४१५१चं, सायकलवर घालू नये. ते किलोभर वजनाचं असतं आणि बंद असतं. सिंहगडाच्या चढावर त्यात माणूस शिजेल. सायकलचं अडीचशे-तीनशे ग्रॅमचं हेल्मेट स्कूटरवर घालणं तर त्याहून वाईट, आणि बेकायदाही. मुलांच्या स्केटिंग क्लासबाहेर तीनशे-चारशे रुपयांत मिळणारी गुळगुळीत प्लास्टिकची टोपी ही तिसरी गंमत. आत थर्माकोल नसतो, बोटभर स्पंज असतो. स्पंज डोक्याला मऊ लागतो, पण धक्क्यात तो लगेच तळाला जातो. स्केटिंगला ईएन १०७८चं लेबल असलेलं लहान मापाचं हेल्मेट चालतं. तेच घ्यावं.

आता बर्फाकडे. ‘बर्फ तर मऊ असतो’ हा मैदानातल्या माणसाचा समज आहे. दाबून कडक केलेला आणि सकाळी गोठलेला उतार काँक्रीटपेक्षा फार वेगळा नसतो. पण स्कीइंगमधली मोठी इजा बर्फापेक्षा झाडांवर, खडकांवर, खांबांवर आणि दुसऱ्या माणसांवर होते. वेग हा इथला कळीचा मुद्दा आहे. हौशी स्कीअर किती वेगानं जातात हे अमेरिकेत मोजलं गेलं तेव्हा सरासरी ताशी ४३ किलोमीटर आली. हेल्मेटची चाचणी होते ती वीस-बावीस किलोमीटरला. बर्फावर पडताना डोक्याचा खालच्या दिशेचा वेग या चाचणीच्या आवाक्यात असतो. पण ताशी ४३ किलोमीटरनं जाताना समोर झाड आलं तर ते आवाक्याबाहेर जातं.

म्हणूनच स्कीचे आकडे सायकलपेक्षा सौम्य आहेत. नॉर्वेतल्या २००६च्या एका अभ्यासात हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका ६० टक्क्यांनी कमी दिसला. २०१०मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा तो ३५ टक्क्यांवर आला. हेल्मेटच्या वजनानं मान मोडते ही जुनी भीती मात्र खोटी ठरली. अमेरिकेत २००२-०३च्या मोसमात चारांपैकी एक जण स्की हेल्मेट घालत असे. दहा वर्षांत ते प्रमाण सत्तर टक्क्यांवर गेलं. डोकं फुटणं आणि टाके पडणं कमी झालं, पण उतारावरचे मृत्यू त्या प्रमाणात घटले नाहीत. सुसाट जाऊन झाडावर आदळणाऱ्याला थर्माकोल काय करणार?

गाजलेली तीन उदाहरणं शेजारी ठेवली की हे नीट कळतं. १ जानेवारी २००९ रोजी ऑस्ट्रियात जर्मन राजकारणी डीटर अल्टहाउस यांची एका महिलेशी उतारावर टक्कर झाली. हेल्मेट घातलेले अल्टहाउस वाचले, न घातलेली ती महिला गेली, आणि त्यानंतर जर्मनी-ऑस्ट्रियात हेल्मेटांवर उड्या पडल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडात नवशिक्यांच्या उतारावर, शिकवणी चालू असताना पडल्या. हेल्मेट नव्हतं. पडल्यावर त्या उठल्या, हसल्या-बोलल्या, डॉक्टर नको म्हणाल्या. तासाभरानं डोकं दुखू लागलं आणि दोन दिवसांनी त्या गेल्या. कवटीच्या आत रक्तस्राव झाला होता. हेल्मेटला सर्वांत जास्त वाव असतो तो अशाच साध्या, कमी वेगाच्या पडण्यात. तिसरा मायकेल शुमाकर. २९ डिसेंबर २०१३, फ्रान्समधलं मेरिबेल, आखलेल्या दोन उतारांच्या मधला भाग, बर्फाखाली लपलेला खडक. हेल्मेट होतं, ते फुटलं. जीव वाचला, पण मेंदूला फार मोठी इजा झाली.

स्कीच्या हेल्मेटचं युरोपीय मानक ईएन १०७७, अमेरिकी एएसटीएम एफ २०४०. ईएन १०७७मध्ये दोन वर्ग आहेत. ‘ए’ वर्गात कानांवरही कडक कवच असतं आणि भोसकण्याची चाचणी तीन किलोचं टोकदार वजन ७५ सेंटिमीटरवरून टाकून होते. ‘बी’ वर्गात कानांवर मऊ गादी, हवेला जास्त वाट आणि वजन निम्म्या उंचीवरून. मोठ्या वेगाच्या शर्यतींना ‘ए’ लागतं, तेही आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आणखी कडक चाचणीतून गेलेलं. कोर्सला जाणाऱ्याला ‘बी’ पुरतं, आणि त्यात शिक्षकाची हाक ऐकू येते, हा नवशिक्याच्या दृष्टीनं छोटा फायदा नाही. आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. सायकलच्या हेल्मेटला भोसकण्याची चाचणीच नसते. काठीचं टोक किंवा फांदी त्याच्या मोठ्या भोकांतून सरळ आत येऊ शकते. कान उघडे राहतात, गॉगलचा पट्टा त्यावर टिकत नाही, आणि उणे २५ अंशांची थंडी पाहून त्याची परीक्षा झालेली नसते. गुलमर्गला ते नेऊ नये. उलट बाजूनं, स्कीचं हेल्मेट मुंबईच्या घामात सायकलवर कुणी हौसेनं घालणार नाही. काही हेल्मेटांवर १०७७ आणि १०७८ ही दोन्ही लेबलं असतात आणि कानांच्या गाद्या काढता येतात. वर्षातून एकदा बर्फात आणि बाकी थंडीच्या सकाळी सायकलवर जाणाऱ्याला ते एकच पुरेल. मात्र लेबलं दोन्ही हवीत. दुकानदाराचं ‘दोन्हीला चालतं’ पुरेसं नाही.

गुलमर्ग, औली किंवा सोलंगला भाड्यानं सामान घेताना बूट, स्की आणि काठ्या मिळतात. हेल्मेट मिळेलच असं नाही, मिळालं तर किती वेळा आपटलंय ते दिसत नाही. डोक्याच्या बाबतीत भाड्याचा माल टाळावा. विकत घेऊन जावं. आणि आजीनं विणलेली माकडटोपी हेल्मेटखाली घालू नये. तिनं माप बिघडतं आणि आपटताना हेल्मेट मागे सरकतं. पातळ, अंगाला घट्ट बसणारी बालाक्लावा चालते. दुसरं सांगायचं ते उंचीबद्दल. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोला अफरवटच्या उतारावर ३,९०० मीटरच्याही वर नेतो. तिथे डोकं दुखणं आणि मळमळणं विरळ हवेनंही होतं, डोक्याच्या मारानंही. पडल्यानंतर अशी लक्षणं आली तर ‘उंचीमुळे असेल’ म्हणून झोपून जाऊ नये, डॉक्टर गाठावा.

इटलीनं १४ वर्षांखालच्या मुलांना स्कीसाठी हेल्मेट २००५मध्ये सक्तीचं केलं, २०२२मध्ये ती मर्यादा १८वर नेली, आणि नोव्हेंबर २०२५पासून सर्वांनाच सक्ती आहे. आल्प्सच्या सहलीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे लक्षात ठेवावं. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्यांच्या मुलांना सायकलवर १८ वर्षांपर्यंत हेल्मेट कायद्यानं लागतंच, हे तिथल्या शाळाच सांगतात. मुलांचा आणखी एक धोका मात्र फारसा कुणी सांगत नाही. हेल्मेट घालूनच मूल घसरगुंडीवर किंवा शिडीवर चढलं, हेल्मेट दोन गजांत अडकलं, तर हनुवटीचा पट्टा फास होतो. युरोपात असे मृत्यू झाल्यावर अगदी लहान मुलांसाठी ईएन १०८० हे वेगळं मानक आलं. त्याचं हिरवं बक्कल ओढ बसली की आपोआप सुटतं. आपल्या सोसायटीच्या बागेत नियम साधा ठेवावा: सायकल उभी केली की हेल्मेट काढायचं, मगच झोपाळा.

मापाबद्दल शेवटी लिहितोय, पण दुकानात ते पहिलं करायचं. शिंप्याच्या टेपनं भुवयांच्या वर, कानांच्या वरून डोक्याचा घेर मोजा आणि तो आकडा घेऊनच जा. हेल्मेट घातल्यावर पट्टा न लावता खाली वाकून डोकं हलवा; पडलं तर माप मोठं. कपाळावर दोन बोटं जागा उरावी, त्याहून जास्त नाही. आपल्याकडे मागे ढकलून, कपाळ उघडं ठेवून हेल्मेट घालायची फॅशन आहे. कपाळच तर पहिलं आपटतं. दोन्ही पट्टे कानाच्या पाळीखाली मिळावेत, आणि जांभई दिल्यावर हेल्मेट खाली ओढल्यासारखं वाटावं. डोक्यांचे आकारही वेगळे असतात, कुणाचं गोल, कुणाचं लांबट. त्यामुळे मित्राला नीट बसलेलं मॉडेल तुम्हाला कानशिलांवर टोचू शकतं. अंबाडा वर बांधणाऱ्यांनी तो मानेवर आणावा किंवा वेणी घालावी. चेहऱ्याला गुंडाळायचा जाड स्कार्फ हेल्मेटच्या आत नको. स्कीचं हेल्मेट घ्यायला जाताना गॉगल बरोबर न्या. दोन्हींच्या मधे कपाळाची पट्टी उघडी राहिली तर थंडी तिथूनच शिरते. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात, आणि प्रयोगशाळेचे पाच तारेही ढिल्या हेल्मेटला लागू होत नाहीत.

दर पाच वर्षांनी बदला, असं कंपन्या सांगतात. कॅनडातल्या तज्ज्ञांनी सहाशेंहून अधिक वापरलेल्या हेल्मेटांचा थर्माकोल तपासला. त्यात २६ वर्षांपर्यंतची जुनी हेल्मेटं होती, आणि वयानं त्याची ताकद कमी झाल्याचं त्यांना दिसलं नाही. म्हणजे न आपटलेलं, उन्हात तापलेल्या गाडीत न ठेवलेलं हेल्मेट केवळ वाढदिवस उलटला म्हणून फेकायची घाई नको. पट्टे विरले, बक्कल सैल झालं किंवा कवच सुटायला लागलं तर मात्र बदला. आणि एकदा जोरात आपटलं असेल तर बाहेरून कितीही नवं दिसो, ते संपलं. ते कामवाल्या मावशींच्या मुलाला किंवा शेजारच्या पोराला देऊ नका, भंगारातही तसंच टाकू नका. आधी कात्रीनं पट्टे कापा, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या डोक्यावर जाणार नाही.